तूट वेगळी, तोटा वेगळा

गायकवाड साहेब कुणाच्या घरी गेले की पाण्याचा तांब्या यायच्या आधीच विचारायचे, "तेल कोणतं खाता?"

समोरचा माणूस गोंधळायचा. "खातो की, गोडं तेल," असं काहीतरी म्हणायचा.

"गोडं असतंच हो. कशाचं? शेंगदाण्याचं, करडईचं, का डब्यातलं?"

डब्यातलं म्हणजे परदेशातून आलेलं पामतेल. ते उत्तर आलं की साहेबांचा चेहरा असा पडायचा, जणू या घरात कुणी आजारी आहे आणि ते आत्ताच कळलं. पण पुढ्यात पोहे आले की खायचे. अन्नावर राग काढायचा नाही, एवढा त्यांचा नियम होता. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि कढईचा वास घेऊन परत आले. ते गेल्यावर बायकोनं मला विचारलं, "तुमचे साहेब जेवायला आले होते का झडतीला?"

मी कृषी सहायक म्हणून चाकूरला रुजू झालो तेव्हा ते आमचे पर्यवेक्षक होते. मूळ गाव लोह्याकडचं. उंच, वाळकी अंगकाठी, लुनावर बसले की गुडघे हँडलला टेकायचे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी करडईचं बी. बोलता बोलता चार दाणे तोंडात टाकायचे, दातानं फोडायचे, आणि पांढरं टरफल ओठाच्या कोपऱ्यात तसंच राहायचं. गावोगाव त्यांना 'करडईवाले साहेब' म्हणत. माघारी आम्ही कार्यालयातली माणसं 'काटेसाहेब' म्हणायचो. करडईला काटे असतात आणि साहेबांच्या बोलण्यालाही होते.

कार्यालयात एकच वर्तमानपत्र यायचं. त्यातलं बाजारभावाचं आणि व्यापाराचं पान साहेब आधी वाचायचे. एकदा आमचे मोठे बाबू पेपर चाळत म्हणाले, "बघा, देशाची आयात वाढली, निर्यात घटली. देश तोट्यात चालला."

साहेब उठून बाबूंच्या टेबलाशी आले. "बाबू, तिथं काय छापलंय? तूट छापलंय. तूट वेगळी, तोटा वेगळा."

"एकच की हो ते."

"एक कसं? तुम्ही पोरीच्या शिलाईमशीनसाठी बाहेरून कर्ज आणलं, तिनं मशीन चालवून चार वर्षांत ते भरून काढलं, तर तो तोटा झाला का? अन् तेवढ्याचीच जिलबी आणून खाल्ली तर? आणलं किती ते नंतर बगा. काय आणलं अन् त्याचं काय केलं, ते आधी बगा."

बाबूंनी पेपर घडी करून ठेवला. त्यांना एवढं नको होतं. कुणालाच एवढं नको असायचं, हीच तर साहेबांची अडचण होती. साध्या बोलण्यातून ते माणसाला उचलून वर्गात नेऊन बसवायचे. मलाही त्याचा वैताग यायचा. दिवसभर उन्हात फिरून आल्यावर चहा पिताना डॉलर म्हणजे काय हे कुणाला ऐकायचं असतं?

पण बोरखेडीची सभा मी विसरलेलो नाही.

साहेब गावात सभा घ्यायचे ती शाळेच्या ओट्यावर. मारुतीच्या पारावर लोक आयते बसलेले असायचे, तरी त्यांना उठवून शाळेत आणायचे. मी एकदा कारण विचारलं. "तिथं आवाज घुमतो," म्हणाले. उघड्या पारावर आवाज कसा घुमेल, हे मी विचारलं नाही. गावकुसाबाहेरच्या कोणत्या वस्तीतून शिकून ते इथवर आले होते हे मला माहीत होतं.

त्या दिवशी पन्नासेक माणसं होती. साहेब म्हणाले, आपला देश तेल बाहेरून आणतो, ते थांबवायचं तर कोरडवाहू रानात करडई लावा. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली. "साहेब, आमच्या गावात मीठ पिकत न्हाई. आमी आनतोच की. मंग गाव बुडालं का?"

लोक हसले. साहेबही हसले. त्यांना असा प्रश्न विचारणारा माणूस लई आवडायचा.

"बरोबर बोलला बाबा. मीठ आणा. रॉकेल आणा. जे आपल्या जमिनीत न्हाई ते आणायलाच लागतं. पण बाहेरचा माणूस आपला रुपया घेत न्हाई. त्याला डॉलर लागतो. अन् डॉलर आपल्याकडं छापत न्हाईत. त्याला पाहिजे असलेला माल त्याला विकला, तर डॉलर हाती येतो. आपली माणसं बाहेर कामाला जाऊन घरी पाठवतात, तो एक येतो. आता विकलं कमी अन् आणलं जास्त, तर मधला फरक कुठून भरायचा?"

साहेबांनी खिशातले चार दाणे तोंडात टाकले.

"उसनं आणून. नाहीतर घरातलं मोडून. मागं आपल्या देशानं सोनं गहाण टाकलं, ऐकलं होतं का न्हाई? विमानात घालून नेलं."

खांबामागं बायका बसल्या होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली. सोनाबाई. नवरा वारल्यावर सात एकर एकटीनं करणारी, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलणारी बाई. "सोनं गहाण गेलं म्हंजे पार गळ्यापोतर आलतं म्हना की. ते बाईमान्साला सांगाय नको." मग म्हणाली, "मी चार एकर करडई लावते. पन साहेब, भाव मिळंल न्हवं?"

"मिळल," साहेब म्हणाले.

एवढा एकच शब्द. त्या एका शब्दानं पुढं त्यांचं काय केलं हे मी जवळून पाहिलं.

करडई काढणं म्हणजे शिक्षा. हातापायाला गोणपाट गुंडाळून, सकाळच्या दवात काटे मऊ असतात तोवर कापायची. सोनाबाईच्या रानात मजूर यायला तयार होईनात. साहेबांना कळलं तसे ते मला घेऊन पहाटेच्या गाडीनं बोरखेडीला गेले, हाताला गोणपाट बांधलं आणि पातीला लागले. मी तासाभरात बांधावर जाऊन बसलो. साहेब ऊन तापेपर्यंत वाकलेले होते. नोकरीत पर्यवेक्षकानं पीक कापावं असं कुठंही लिहिलेलं नाही. सोनाबाई त्यांना म्हणाली, "साहेब, तुमी बांधावर बसून बोलनारं वाटलं हुतं मला." तिची ही माफीच होती.

दाणा चांगला भरला. चाकूरला उस्मानचाचांची तेलाची घाणी होती. चाचांनी तेल काढून दिलं, भावही बरा मिळाला. पुढच्या वर्षी निम्म्या बोरखेडीनं करडई लावायचं ठरवलं. साहेब त्या दिवसांत जरा असह्यच झाले होते. दिसेल त्याला तेलाची बाटली उन्हात धरून दाखवायचे.

पेरणी तोंडावर आली आणि भूकंप झाला.

आमच्या दोघांची नेमणूक किल्लारीकडच्या एका छावणीवर झाली. पत्र्याच्या शेडमध्ये धान्य, ब्लँकेट आणि तेलाचे डबे यायचे. डब्यांवर न वाचता येणारी अक्षरं. पामतेलच होतं. ज्या माणसानं दहा वर्षं त्या तेलाविरुद्ध लोकांची डोकी खाल्ली, तोच माणूस रांगेपुढं उभा राहून ते मापानं वाटत होता. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो. एका म्हाताऱ्यानं, डोक्याला पट्टी बांधलेली, भांडं पुढं करून विचारलं, "कशाचं तेल हाय हो हे?"

साहेबांनी माप भरून त्याच्या भांड्यात ओतलं.

"चांगलं हाय बाबा," साहेब म्हणाले. "खा."

दुपारी आम्ही शेडच्या सावलीत बसलो तेव्हा मी मुद्दाम डिवचलं. "साहेब, ही आयातच की."

ते चिडले नाहीत. म्हणाले, "पवार, पडलेल्या माणसानं घ्यावंच. दोन्ही हातांनी घ्यावं. त्याच्याकडं द्यायला काय हाय आज? त्याला हिसाब विचारणारा माणूस हलकट." मग समोरच्या रानाकडं बघत म्हणाले, "पण त्याचं रान पडलेलं न्हाई. रान जागेवर हाय. पेरणी निघून चालली."

दुसऱ्या दिवशी ते लातूरला गेले आणि बियाण्याच्या पिशव्या टेम्पोत घालून घेऊन आले. करडई आणि हरभरा. छावणीवरचे काही लोक संतापले. "मान्सं जाळून हात वाळले न्हाईत अन् हे बी वाटायलेत!" एकानं पिशवी फेकून दिली. साहेबांनी ती उचलून झटकली आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवली. चार दिवसांनी तोच माणूस आला, खाली मान घालून पिशवी घेऊन गेला. तेवढ्या आठवड्यात त्या भागात थोडीबहुत पेरणी झाली. त्याची नोंद कुठल्याही अहवालात नाही, कारण ते आमचं काम नव्हतं.

नंतर आयात खुली झाली.

आम्हाला ते आधी पेपरातून कळलं नाही, उस्मानचाचांकडून कळलं. चाचा कार्यालयात आले, टोपी काढून टेबलावर ठेवली. "साहब, दुकानात पाम आमच्या तेलाच्या निम्म्यात विकून राहिलं. मी घाणी कोणासाठी चालवू?" साहेब म्हणाले, थोडे दिवस थांबा. चाचा थांबले. करडई निघाली तोवर मोंढ्याच्या बाजारात तिला विचारणारं कुणी नव्हतं.

मार्चमध्ये, भर दुपारी, कार्यालयापुढं बैलगाडी येऊन उभी राहिली. सोनाबाई. तिनं गाडीवानाकडून पोती उतरवून घेतली, एक पोतं ओढत आत आणलं, साहेबांच्या टेबलापुढं त्याचं तोंड सोडलं आणि आडवं केलं. करडईचे पांढरे दाणे फरशीवर पसरत बाबूंच्या खुर्चीखाली गेले. सगळं कार्यालय उभं राहिलं.

"घ्या," ती म्हणाली.

तिनं पदर दातात धरला.

"तुमी म्हनलाव देसाला पायजे. मंग देसाला सांगा न्यायला या म्हनून. मी कुटं हुडकू देसाला? मला तर तुमीच दिसलाव."

खरं सांगायचं तर त्या वेळी मी फायलींच्या कपाटामागं सरकलो होतो. त्या सभेत मीही होतो, 'लावा' असं मीही चार घरी सांगितलं होतं. साहेब मात्र टेबलाला वळसा घालून पुढं आले, फरशीवर उकिडवे बसले आणि दाणे ओंजळीनं पोत्यात भरायला लागले. थोड्या वेळानं सोनाबाईही खाली बसली. दोघांनी मिळून पोतं भरलं. गाडी परत निघाली तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुमचं चुकलं न्हाई हे मला कळतंय. म्हनून तर कोनावर वरडावं ते कळंना." पुढच्या वर्षी तिनं सोयाबीन लावलं. सगळ्यांनीच लावलं.

साहेबांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. सहा पानी, सुवाच्य अक्षरात. सूर्यफूल, करडई, भुईमूग पिकवा म्हणून एका हातानं सांगायचं आणि दुसऱ्या हातानं बाहेरचं तेल स्वस्त करून आत घ्यायचं, याचा मेळ कसा घालायचा, एवढाच प्रश्न होता. शहरातल्या गरिबाला स्वस्त तेल मिळतं, ही बाजूही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली होती. 'परंतु उद्या बाहेरच्याने भाव वाढविला, तर तोवर आपला पेरणारा व घाणीवाला दोघेही उठून गेलेले असतील,' हे वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. म्हणजे साहेबांचंच पत्र परत आलं. वरच्या कार्यालयानं ते खाली पाठवलं, त्यांनी त्याच्या खाली, असं करत, प्रत्येक ठिकाणचा शिक्का घेत ते चाकूरला पोचलं होतं. वर चिठ्ठी होती: 'सदर प्रकरणी संबंधित पर्यवेक्षकांनी चौकशी करून अहवाल सादर करावा.' संबंधित पर्यवेक्षक म्हणजे गायकवाड साहेब. बाबू हसून हसून खोकायला लागले. साहेबांनी खरोखरच अहवाल लिहिला. 'अर्जदाराचे म्हणणे तपासले. ते खरे आढळले.' सही केली आणि पाठवून दिला. त्यावर आजतागायत काही आलेलं नाही.

निवृत्तीनंतर ते लातूरला राहायला गेले. तोपर्यंत लातूरचं रूपच पालटलं होतं. ज्या गल्लीत घर घेतलं तिथं वर्षभरात सहा क्लासच्या पाट्या लागल्या. नांदेड, परभणी, उदगीर, देगलूरकडून पोरं यायची आणि डॉक्टर व्हायच्या तयारीला लागायची. शांताकाकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, घरातच मुलींसाठी मेस सुरू केली. तीस मुली दोन वेळ जेवायच्या. आणि तीस मुलींचं जेवण करडईच्या तेलात होत नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा ओसरीत पामतेलाचे रिकामे डबे उतरंडीसारखे रचलेले होते. साहेब त्यांच्याकडं पाठ करून बसले होते. काकू आतून म्हणाल्या, "बघा ना भाऊजी, चार महिने झाले, कोरडी भाकरी अन् मिरची खाऊन राहिले. फोडणीचं काही खात न्हाईत. मी म्हणलं, देश जाऊ द्या उलीसा, आधी ह्या पोरी जेवू द्या."

"मी कोणाला अडवलं का?" साहेब म्हणाले.

"अडवलं न्हाई. पण तोंड असं करून बसता की घास घशाखाली उतरत न्हाई माणसाच्या."

चूक कुणाचीच नव्हती. सोनाबाई म्हणाली होती तसंच, कुणावर ओरडावं ते कळेना. देगलूरची एक मुलगी ताट घेऊन बाहेर येऊन बसली होती. तिला साहेबांनी एकदा आयात-निर्यातीचं सगळं समजावलं होतं म्हणे. ती खट्याळपणे म्हणाली, "काका, मग आम्ही पण आयातच की. लातूरला बाहेरून आलोय."

साहेबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं असावं, कारण काकू दारात येऊन बघायला लागल्या. "तुम्ही शिलाईमशीन हाव बेटा," ते म्हणाले. "तुम्ही कितीबी या." मग हसू मावळलं. "पण शिकून परत आपल्याकडं येता का, ते बघू."

मुलीनं घड्याळ पाहिलं आणि ताट ठेवून क्लासला पळाली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरलाच, एका सभागृहात. खाद्यतेलाची आयात कमी करण्यासाठी करडईचा प्रचार पुन्हा नव्यानं सुरू झाला होता. जुन्या लोकांनाही आमंत्रण होतं. व्यासपीठावर एक तरुण अधिकारी, हुशार, तळमळीचा, पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होता. डॉलर, तूट, कोरडवाहू रान. शब्द वेगळे होते, गोष्ट तीच होती. साहेब तिसऱ्या रांगेत बसले होते. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. माझं लक्ष व्यासपीठापेक्षा त्यांच्याकडंच होतं.

प्रश्नांची वेळ आली. माईक तीनदा त्यांच्या डोक्यावरून गेला. चौथ्यांदा त्यांनी तो धरलाच.

"तुम्ही बोललात ते सगळं खरं हाय," ते म्हणाले. "मला एकच विचारायचं. ह्या लोकांनी लावली अन् भाव पडला, तर त्या दिवशी हे कुणाकडं जातील? तुमच्या घरचा पत्ता सांगता का?"

सभागृहात हशा पिकला. अधिकारीही नम्रपणे हसला. हेल्पलाईनचा नंबर पडद्यावर दिलेला आहे, म्हणाला. मग आभार मानले गेले आणि लोक जेवणाकडं गेले.

मी गर्दीतून वाट काढत साहेबांपर्यंत आलो तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं झालं होतं. साहेब खुर्चीतच होते. त्यांच्याभोवती तीन-चार शेतकरी उभे होते, आणि एक जण सरकारी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होता.

"पाण्याच्या टाकीच्या मागची गल्ली," साहेब सावकाश सांगत होते. "दोन क्लास सोडायचे, तिसऱ्याच्या पाटीखाली जिना हाय. गायकवाड म्हणा. मुलींची मेस म्हणलं तरी कोणीबी दाखवल."

"पन साहेब, तुमी तर रिटायर," लिहिणारा म्हणाला. "भाव पडल्यावर तुमी काय करनार?"

"मी काय करणार? काही न्हाई करू शकत." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "शिव्या खाईन. पण तुम्ही एवढ्या लांबून याल, तर कुणीतरी घरी पाहिजे का न्हाई? लिही. पाण्याच्या टाकीच्या मागं."